रुसलोय म्हणून सांग

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. आवाज खणखणीत, जीभ त्याहून तिखट. एखादं चुकलेलं पोर त्याच्या खोलीत आणून बसवलं की तो माइकवर सांगायचा, "एक आईबाप हरवलेत. पोरगं इथं मजेत बिस्किट खातंय. सापडतील तिथून पाठवून द्या." अख्खा फलाट हसायचा.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले.

"काढा," भोंगा म्हणाला. "बायको कधीची मागे लागलीय, जरा गप्प बसा म्हणून."

बायको हसली आणि तशीच उठून बाहेर गेली.

ऑपरेशननंतर गळ्याला श्वास घ्यायला भोक राहिलं, त्यावर रुमाल आला, हातात पाटी आली. जखम पुसायला आलेल्या नर्सला त्याने लिहून दाखवलं, 'आता तोंडं दोन, पण बायकोपुढे एकही चालत नाही.' ती हसली. भेटायला येणारेही हसत. पण पाटीवर लिहून होईपर्यंत त्यांचे चेहरे कळवळलेले असायचे, आणि हसू त्याला बरं वाटावं म्हणून उसनं आणलेलं. उभा जन्म लोकांना हसवलेला माणूस तो; खरं-खोटं त्याला लगेच कळायचं.

खरा पेच घरी होता. आईची दृष्टी गेली होती, आणि आताशा सांगितलेलं तिच्या लक्षातही राहत नसे. पाटी तिच्या काय कामाची!

"हा बोलत का नाही गं?" तिने सुनेला विचारलं.

"आई, त्यांचं ऑपरेशन झालंय. आवाज गेलाय त्यांचा."

म्हातारीने हंबरडा फोडला. रडून रडून झोपली. सकाळी उठून पुन्हा तेच विचारलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा तसाच हंबरडा. रोज तेच होऊ लागलं. शेवटी भोंग्याने पाटीवर लिहिलं, 'नको सांगूस. रुसलोय म्हणून सांग.'

"विडीवरून बोलले ना मी, म्हणून असेल," आई म्हणाली. ते तिला लगेच पटलं.

मग ती त्याची समजूत काढू लागली. तो खाटेवर तिच्याजवळ बसायचा, तिचा हात आपल्या गालावर ठेवायचा आणि गाल फुगवायचा. "अगं बाई, केवढा हा फुगा!" ती खुदकन हसायची. हे हसू मात्र अस्सल होतं. त्यासाठी तो दिवसातून कितीदा तरी रुसायचा.

एकदा हसता हसताच तिने त्याचा हात घट्ट धरला. "ओढ बाबा, हवी तेवढी विडी ओढ. मी नाही बोलणार. पण एकदा आई म्हण."

त्याने तोंड उघडलं. ओठांनी शब्द केला. गळ्यातून नुसती हवा सुटली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "उद्या म्हण."

थंडी सरता सरता ती झोपेतच गेली. माणसं जमली. भोंगा भिंतीला टेकून बसला होता, हूं की चूं नाही. "काय घट्ट मनाचा आहे," दारातलं कुणीतरी कुजबुजलं.

बायको उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याचं सगळं अंग गदगदत होतं आणि गळ्यावरचा रुमाल श्वासासरशी फडफडत होता. तिने त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या वाटचं मोठ्याने रडू लागली.