काहीही नको असलेलं ऑफिस

मानवजातीची सगळी प्रगती असमाधानातून झालेली आहे. हे वाक्य हेड ऑफिसहून आलेल्या साहेबांचं. आमच्या जेटीवरच्या पत्र्याच्या ऑफिसात, कोळशाची धूळ बसलेल्या खुर्चीवर रुमाल अंथरता अंथरता त्यांनी ते उच्चारलं. आधी चाक, मग होडी आणि आता आमचं सॉफ्टवेअर, अशी परंपराही लावून दिली. आम्ही तिघांनी माना डोलावल्या. असमाधान आमच्याकडे पुष्कळ होतं. फक्त ते साहेबांना दाखवायचं नाही, असं सकाळीच ठरलं होतं.

ऑफिस नागावच्या पुढे, खाडीकाठी. बार्जमधून कोळसा उतरतो, ट्रक भरतात, काट्यावर वजन होतं आणि ट्रकचा पास आम्ही काढतो. तो काढायचा काळ्या पडद्यावर, हिरव्या अक्षरांत. खरा संगणक हेड ऑफिसात आहे. तो इतका जुना आहे की त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. आमच्या टेबलावरचा साधा पीसी आपण त्या संगणकाची खिडकी असल्याचं नाटक करतो. या नाटकाला टर्मिनल म्हणतात. त्यात माऊस चालत नाही, अक्षर मोठं होत नाही, आणि भलतंच बटण दाबलं गेलं तर पडदा रुसून बसतो. संध्याकाळी दिवसभराच्या पासांची एक फाइल याच वाटेने हेड ऑफिसला पाठवायची. फाइल पोचली, आभारी आहोत, अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली की कुलूप लावायचं. ओळ येईपर्यंत कोणी उठायचं नाही.

फाइल पाठवणं हे ताईंचं काम. ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात आणि राहतात आत, डोंगराकडच्या गावात. त्यांची शेवटची एसटी सहाची. ती चुकली की मुक्काम नागावला, धाकट्या जावेकडे. जावेचा नारळाच्या वाडीत होमस्टे आहे, एसी खोल्या आहेत. त्या पाहुण्यांसाठी. ताईंच्या वाट्याला यायची ती लाइफ जॅकेटं वाळत घातलेली पडवी. तेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण एकदा नाश्त्याला बसलेल्या पाहुण्यांपुढे जाऊ म्हणाली, "ह्या होय? आमच्याच. घरी जायला जमलं नाही की इथे असतात." त्या दिवसापासून सहाची गाडी हा ताईंच्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

आणि फाइल नेमकी साडेपाचनंतर तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या टोकाला तुटली तरी पहिल्यापासून. शुक्रवारी तर हमखास, कारण मुंबईची माणसं किनाऱ्यावर उतरलेली असायची आणि सगळी एकाच वेळी समुद्राचे व्हिडिओ घरी पाठवत असायची. गावचा टॉवर एकच. त्यात त्यांचा सूर्यास्त आणि आमचा कोळसा यांची चढाओढ लागायची.

यातून सुटका झाली ती चुकून. एका संध्याकाळी घाईत ताईंनी पासांच्या फाइलीऐवजी त्याच नावाची एक रिकामी फाइल पाठवली. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली आणि पडद्यावर आभार उमटले. ताई घाबरल्या. दुसऱ्या दिवशी नऊला, टॉवर मोकळा असताना, खरी फाइल पाठवली. ती रिकाम्या फाइलीच्या जागी मुकाट जाऊन बसली. आम्ही फोनची वाट पाहिली. आला नाही. हेड ऑफिस दहाला उघडतं, आणि तिथे फाइल आली आहे का हे बघतात, फाइलीत काय आहे हे नाही. तेव्हापासून संध्याकाळी रिकामी, सकाळी भरलेली, असा रिवाज पडला.

सगळं सुरळीत होतं. मग हेड ऑफिसचा ईमेल आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होणार आहे, तरी प्रत्येक ऑफिसने आपल्याला काय काय हवं ते मोकळेपणाने कळवावं.

'मोकळेपणाने' या शब्दावर आमचे हेडक्लार्क बराच वेळ थांबले. त्यांना सगळे दादा म्हणतात. मिठागरं होती त्या घरातले आहेत, आता भावाचे ट्रक आहेत.

"पंख्याचं इसरलात काय?" दादा म्हणाले.

कोणीच विसरलं नव्हतं. आम्ही दुसरा पंखा मागितला होता. त्यावर चौकशी आली आणि तिच्यात पहिला पंखा कुठेच नोंदलेला नाही असं निघालं. पहिला पंखा घेऊन गेले.

"पण दादा," मी म्हटलं, "अक्षर मोठं मागू या की. त्यात काय जातंय?"

"अक्षर मागशील, मग ते इचारतील दिसत न्हाय तर पास कसं काढता. आजपातूर काढलेलं पास तपासा. काय सांगशील?"

ताई हळूच म्हणाल्या, "फाइल तुटते तिथून पुढे जायला हवी, एवढंच मागितलं तर?"

"मागा ना. मग बगतील रोज किती येला तुटते. रिकामी जाते, एकदाबी तुटलेली न्हाय. मंग?"

तेव्हा आम्ही कळवलं: सॉफ्टवेअर उत्तम आहे, काहीही नको.

हीच चूक झाली. बाकीच्या ऑफिसांनी पानंच्या पानं मागण्या पाठवल्या होत्या. रंग हवेत, आवाज हवा, एकाने तर पडद्याच्या कोपऱ्यात गणपती मागितला. समाधानी असलेलं ऑफिस एकच निघालं. ते बघायला साहेब स्वतः आले. शुक्रवारी.

"शुक्रवारचाच का आलाय ह्यो?" दादांनी मला दारामागे घेऊन विचारलं. "त्याला कायतरी कळलंय."

"बायकोमुलांना घेऊन आलेत. नागावला बुकिंग आहे म्हणे."

"ते दाखवायला. खरं कारण येगलं हाय."

मलाही तसंच वाटत होतं. साहेब दिवसभर प्रेमाने वागले, त्यामुळे संशय वाढला. चहा पिताना विचारत, "खरंच काही नको?" आम्ही म्हणत असू, "खरंच." दोन्ही बाजूंचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. साडेपाच झाले तरी ते हलेनात. "फाइल कशी जाते तेवढं बघून निघतो," म्हणाले, आणि खुर्ची ओढून ताईंच्या पाठीशी बसले.

खरी फाइल पाठवण्यावाचून इलाज नव्हता. ती अर्ध्यावर तुटली. पुन्हा लावली. पुन्हा तुटली. साहेबांच्या फोनवर मात्र एकामागून एक व्हिडिओ येत होते. मुलगा बनाना राइडवरून पाण्यात पडतो आहे, तोच मुलगा पुन्हा पडतो आहे. साहेब हसून ते आम्हाला दाखवत होते. तिसऱ्यांदा फाइल शेवटाला आली आणि तुटली तेव्हा बाहेर रस्त्यावरून एसटी गेली. ताईंनी मान वर केली नाही.

"नेहमी असं होतं?" साहेबांनी विचारलं.

दादांनी खिडकीबाहेर खाडीकडे पाहिलं. मी पंखा होता त्या जागेकडे पाहिलं. होय म्हटलं तर रोज वेळेवर फाइल कशी पोचते हा प्रश्न, नाही म्हटलं तर समोर जे दिसतंय त्याचं काय?

"शुक्रवारी होतं," ताई म्हणाल्या. मग एकदम आवाज चढवून, "आणि तुटते तिथून पुढे गेली पाहिजे ना हो! आपण पायरी चुकलो तर परत खाली जाऊन जिना चढतो का? माझी गाडी गेली. आता मी जावेकडे जायचं, नाही का!"

दादांनी डोळे मिटले. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. "हेच ऐकायला मी आलो होतो, मॅडम," म्हणत त्यांनी ते वाक्य जिन्यासकट लॅपटॉपवर उतरवून घेतलं. फाइल गेली तेव्हा अंधारलं होतं. ताईंना नागावला सोडायला ते आपल्या गाडीतून घेऊन गेले. बुकिंग कोणाकडे होतं हे ताईंना वाडीच्या फाटकाशी कळलं.

सोमवारी ताईंनी सगळं सांगितलं. साहेबांबरोबर उतरल्यामुळे जावेने पडवीऐवजी खोली दिली, आणि नाश्त्याला ते 'ह्या होय? आमच्याच' पुन्हा म्हणाली, या वेळी साहेबांच्या बायकोपुढे.

"गाडीत काय इचारलं का त्यानं?" दादांनी विचारलं.

"विचारलं. म्हणाले, मॅडम, मग एरवी तुम्ही सहाची गाडी पकडता तरी कशी?"

"मंग?"

"म्हटलं, धावत."

काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली. सोबतच्या पत्रात जेटीवरच्या एका महिला कर्मचाऱ्याच्या सूचनेचा गौरव होता आणि प्रगतीविषयी दोन परिच्छेद होते. फाइल आता तुटते तिथून पुढे जाते, शुक्रवारच्या गर्दीत रांगत का होईना. त्याचबरोबर फाइलीत पास आहेत का तेही आधी तपासलं जातं, रिकामी असली तर परत येते. जुन्या सॉफ्टवेअरवर ताईंची गाडी शेवटी शेवटी फक्त साहेब आले त्या दिवशी चुकली होती. नव्यावर ती दर शुक्रवारी चुकते.