आजार नसलेलं गाव

गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात मी बरीच वर्षं आरोग्यसेविका आहे. उपकेंद्राचा दर्जा तपासायला वरून साहेब येणार असं कळलं, तेव्हा धास्ती सोडाच, मी चढेलच झाले. बीपी-शुगरच्या पेशंटचं माझं रजिस्टर चोख. गुणवत्तेचं प्रमाणपत्र आपल्यालाच मिळणार, असं महिनाभर गावात सांगत फिरले, आणि तिथंच चुकले. गावानं ते भलतंच मनावर घेतलं.

साहेब सकाळी आले. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून उपकेंद्रात हजर होत्या. साहेबांनी रजिस्टरातली नावं वाचून एकेकीला विचारलं, बीपीचा त्रास आहे का, गोळ्या वेळेवर मिळतात का. सगळ्या एका सुरात म्हणाल्या की आम्हाला कसलाच आजार नाही. गावात आजार दिसला तर सिस्टरचे मार्क कापतील, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, ही नावं खरी आहेत ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रमाणपत्र गेलं खड्ड्यात, इथं माझा खरेपणाच पणाला लागला होता. मी म्हटलं, आज माझा डेअरीचा वार आहे, संध्याकाळी तिकडे चला, मग काय लिहायचं ते लिहा.

माझं खरं काम चालतं तिथंच. उपकेंद्र गावाच्या टोकाला, चढावर. शेतात राबणारी बाई बीपी मोजायला तिथवर येत नाही. पण दूध घालायला डेअरीवर तिला यावंच लागतं. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ मी मशीन घेऊन दुधाचं फॅट मोजणाऱ्याच्या शेजारी बसते. त्याचा आकडा कमी येतो, माझा जास्त, म्हणून बाया आम्हा दोघांनाही सारख्याच शिव्या घालतात.

साहेब कोपऱ्यात उभे राहिले. बायांनी रोजच्यासारख्या किटल्या खाली ठेवल्या, ओळ धरली आणि न सांगता हात पुढे केले. सकाळी सगळ्यांत मोठ्यानं नाही म्हणालेली आजीच पहिली होती. साहेब पुढे आले आणि म्हणाले, तुम्हाला तर आजार नव्हता ना?

आजी जराही ओशाळली नाही. "हाय की. हिनंच हुडकलाय. पर सायेब, त्यापायी हिचं मार्क कापणार असला, तर मला काय बी झालेलं न्हाय."

साहेब रजिस्टर मांडीवर घेऊन बसले आणि एकेका बाईचा हात पुढे आला तशी तिच्या नावापुढे खूण करत गेले. ओळीतली शेवटची खूण झाली तेव्हा एकच नाव उरलं होतं, तेही माहेरी गेलेल्या सुनेचं. मला या बायांचा इतका अभिमान वाटला की शेवटच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधल्यावर मशीनवरचा आकडाच दिसेना. तिचं बीपी मला दोनदा मोजावं लागलं.