अंगठा, गोल, कैची

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. मी भूल देणारी डॉक्टर. पोरं झोपता-उठता ते माझ्याजवळ ठेवून जातात आणि स्वतः साफ विसरतात!

जबलपुरात आमच्याकडे हात-मनगट मोडलेली चौदा-पंधराची पोरं लय येतात. प्लेट-स्क्रू लावून झाले की आमचे सर्जन सर पोराच्या कानाशी ओरडतात, "अंगठा! गोल! कैची!" अंगठा वर, अंगठा न् बोटाचा गोल, दोन बोटांची कैची. तिन्ही झालं म्हणजे हाताच्या तिन्ही नसा शाबूत. तोवर सर चहाला हात लावत नाहीत.

इथल्याच गढा मोहल्ल्याचा एक पोरगा. घरी सांगितलेलं, जिन्यावरून पडलो. अर्धवट शुद्धीत सरांना म्हणतो, "भैया, स्कूटीची चावी परत फ्रिजवर ठेव, पप्पाला सांगू नको." पप्पा शेजारीच उभे!

दुसऱ्याचा हात मी खांद्यापासून सुन्न केला होता. जागा झाला, तो हात दुसऱ्या हातानं उचलून आईला दिला. "आई, हा कोणाचा हाय? देऊन ये ना, शोधून राहिले असतील." आई बिचारी तासभर हात धरून बसली. त्या हाताला खुणा कुठून जमणार? सरांचा चहा संध्याकाळपर्यंत अडला, न् बोलणी मला!

मग पनागरची वंदू. सायकलवरून पडली, उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली, नस दबली. आई जन्माची मुकी-बहिरी. मायलेकी हातांनीच बोलतात. पडल्यापासून वंदू एकट्या डाव्या हातानं बोलायची. सोबत आलेली तिची मावशी म्हणाली, "तोतरी झाली जी पोरगी."

ऑपरेशन झालं. अंगठा आला, कैची आली. गोल नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "नस रूठी है, मान जाएगी," सर म्हणाले. पण चहा तसाच निवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात पडद्यातून पिवळं ऊन आलेलं, पंखा हळू फिरत होता. वंदू गाढ झोपलेली. पट्टीबाहेरची बोटं चादरीवर हलत होती. गोल झाला, मोडला, पुन्हा झाला. आई वाकून बघत होती, मधेच हसत होती.

"अरे वा! उठवा तिला, उठवा!" सर खांद्याला हात लावायला गेले. आईनं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं झरझर काहीतरी सांगितलं.

मावशी चाचरली. "डॉक्टरसाहेब, ताई म्हणते... पोरगी बोलून राहिली ना, मधात बोलू नका."