डबीनानांनी लपवलेलं गाव

नानांना गावातल्या माणसांची नावं आठवत नसत, कान आठवत. उभा जन्म ओळखपत्रांचे फोटो काढण्यात गेलेला. अशा फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात, म्हणून समोर बसलेल्या प्रत्येकाचं डोकं दोन बोटांनी सरळ करता करता त्यांनी अख्ख्या पिंपळनेरचे कान पाठ केले होते. रस्त्यात एखाद्या तरुणानं नमस्कार केला की नाना चष्म्यावरून त्याच्या कानांकडे बघत आणि विचारत, "गिरणीवाल्यांचा ना तू?" बहुतेक वेळा तो गिरणीवाल्यांचाच निघे.

लग्नानंतर बँकेच्या कामासाठी मला फोटो हवा होता, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे बाजारपेठेतली एक अरुंद खोली, मागे निळा पडदा आणि समोर फिरतं स्टूल. नानांनी माझी मान जराशी उजवीकडे वळवली, थबकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्या कान आपला गावना नहीत." मी जळगावची. तिथं शाळा-कॉलेजात सगळा व्यवहार पुस्तकी मराठीत, त्यामुळे अहिराणी मला कळायची पण बोलता यायची नाही. मी नुसती हसले. "हसू नका," नाना म्हणाले, "फक्त श्वास सोडा. चेहरा आपोआप जागेवर येतो." तो फोटो अजून माझ्या पासबुकावर आहे. माझा तेवढा बरा फोटो दुसरा नाही.

त्यांना सगळे डबीनाना म्हणत. जुन्या कॅमेऱ्याचा रोल ज्या काळ्या, करड्या झाकणाच्या डबीतून यायचा, ती डबी त्यांनी कधी फेकली नाही. गावात कुणाला चुना ठेवायला, कुणाला होमिओपथीच्या गोळ्यांना, कुणाला देवघरातल्या अष्टगंधाला डबी लागली की माणूस नानांकडे येई. पुढे रोल बंद झाले आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, तरी स्टुडिओच्या कोपऱ्यात डब्यांचं एक पोतं तसंच उभं होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्यानंतर आणि मुलगा सुरतेला स्थायिक झाल्यानंतर नाना त्या पोत्याशेजारी खुर्ची टाकून दिवसभर पेपर वाचत बसत.

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा मला दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. त्याबद्दल घरात कुणी वाईट बोललं नाही. खरं तर कुणी काहीच बोललं नाही. यजमान कृषी केंद्राच्या दुकानात जात, सासूबाई माझ्या ताटात न विचारता तूप वाढत, आणि मी खिडकीत बसे. बाहेर पडायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. या गावात मी कुणाला ओळखत नव्हते, पण मला सगळे ओळखत होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

सासऱ्यांचा जुना फोटो मोठा करून घ्यायचा होता म्हणून एक दिवस सासूबाई मला नानांकडे घेऊन गेल्या. नाना निगेटिव्ह शोधत होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी पोत्याकडे बघून म्हटलं, "नाना, अशाच डब्यांचा एक खेळ असतो. बऱ्याच देशांत खेळतात. कॉलेजात असताना आम्हीही खेळलोय."

त्यांनी शोधणं थांबवलं. मी सांगितलं की कुणीतरी एखाद्या जागी डबी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश कळवतं. मोबाईल बघत बघत तिथं जायचं, डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि होती तशी परत ठेवायची. कधी कधी त्या डबीत पुढच्या डबीचा ठावठिकाणा असतो, मग तिथं जायचं.

"आणि शेवटी काय मिळतं?"

"काहीच नाही."

नाना खूश झाले. "म्हणजे बठ्ठं चालनं फुकट शे," ते म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं; माझ्याशी अहिराणीत बोलले ते त्या दिवसापासून.

आठवड्याभरात माझ्या मोबाईलवर त्यांचा निरोप आला. नुसते आकडे, खाली एक शब्द नाही. मी गेले नाही. दोन-तीन दिवसांनी नाना आमच्या ओट्यावर येऊन बसले, सासूबाईंच्या हातचा चहा प्याले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले. निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, "डबीले काय घाई नही." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मला त्यांचाच संकोच वाटायला लागला आणि एका दुपारी मी ओढणी डोक्यावरून घेऊन बाहेर पडले.

आकडे मला जुन्या वेशीपाशी घेऊन गेले. वेशीचा एकच खांब उरलाय, त्याला टेकून शोभामावशी बांगड्यांची पेटी घेऊन बसतात. मोबाईल म्हणे आलं, पण डबी काही दिसेना. खांबाभोवती दोन फेऱ्या झाल्यावर मावशींनी विचारलं, "काय हरपनं का माय?" मग सांगावंच लागलं. त्यांनी हात लांब करून खांबातल्या एका खोबणीतून डबी काढून दिली. आत एक छोटासा फोटो होता. त्यात वेशीचे दोन्ही खांब उभे होते, वर कमान होती आणि कमानीखालून बैलगाडी चालली होती. मागच्या बाजूला पुढचे आकडे. मावशींनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि कमान पडली त्या दिवशीची हकीकत सांगायला घेतली. मी घरी आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि हातात मापाच्या नव्या बांगड्या होत्या.

असंच पुढे चालू राहिलं. पोस्टाच्या दगडी पायऱ्या, मारुतीची दीपमाळ, पांझरेचा घाट, कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं धुराडं. प्रत्येक ठिकाणी जुना फोटो, आणि प्रत्येक ठिकाणी डबीपाशी कुणीतरी हटकून बसलेलं. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, जिनिंगच्या फाटकात बिडी ओढणारा म्हातारा राखणदार. आकडे दर वेळी थोडेसे चुकलेले असत. मी नानांना म्हटलं, "तुम्हाला नीट आकडे घेता येत नाहीत. मी शिकवते." ते म्हणाले, "मोबाईल जागा दाखाडस. डबी मानूसच दाखाडस." आकडे ते मुद्दाम चुकवत होते, हे मला तेव्हा कळलं.

हा खेळ एकदा अंगाशी आला. एसटी स्टँडवरच्या बाकाखाली नानांनी चिकटपट्टीनं डबी लावली होती. बाजाराचा दिवस. कुणाला तरी ती काळी वस्तू दिसली, त्यानं आरडाओरडा केला आणि स्टँड रिकामं झालं. पोलीस आले. नानांना कळलं तसे ते अनवाणीच धावत गेले, सगळ्यांसमोर हात जोडले आणि स्वतः डबी उघडून दाखवली. हवालदार त्यांना चांगलंच बोलले. नानांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

पळापळीत डोंगराकडच्या पाड्यावरून आलेल्या एका म्हातारीची चारोळीची पिशवी फाटून सगळी चारोळी फरशीवर सांडली होती आणि तिची गाडीही चुकली होती. गर्दी पांगल्यावर नाना तिच्याजवळ जाऊन बसले. "माय, चूक मनी शे," म्हणाले आणि दाणा दाणा वेचू लागले. मीही बसले. पुढची गाडी यायला बराच वेळ होता. म्हातारीचा राग हळूहळू उतरला तेव्हा तिनं विचारलं, "त्या डबीमा व्हतं तरी काय?" नानांनी तिला फोटो दिला. त्यात आजच्या शेडच्या जागी एक मोठा पिंपळ होता. ती बघतच राहिली. "हाई झाड मी देखेल शे. याना खाले बशीसन आमी गाडीनी वाट देखूत." मग तिनं तो फोटो मागून घेतला आणि चारोळीच्या पिशवीत खाली सरकवला. नानांनी त्यानंतर स्टँडवर डबी ठेवली नाही आणि बाकीच्या प्रत्येक डबीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'खेळ आहे. उघडा, बघा, परत ठेवा.' तेव्हापासून गावातली इतर माणसंही खेळायला लागली.

शेवटचे आकडे गावाबाहेरच्या टेकडीचे निघाले. थंडीचे दिवस होते. मी वर पोचले तर नाना आधीच एका खडकावर बसलेले, धाप लागलेली. दगडांच्या राशीत डबी होती, पण रिकामी.

"हिच्यात काही नाही, नाना."

"या जागाना फोटोच मी काढेल नही. आजपावत मी कधी वर उनाच नही," ते म्हणाले. "यामा काय ठेवानं ते तू ठरव."

माझ्या पर्समध्ये सोनोग्राफीचा एक लहानसा कागद घडी करून ठेवलेला होता. घरात ठेवायला जागा नव्हती आणि फेकवत नव्हता. कशी कोण जाणे, पण मी तो काढला, गुंडाळी केली आणि डबीत घातला. बरोब्बर मावला. नानांनी तो पाहिला. ते पाठ करून गावाकडे तोंड वळवून उभे राहिले. मला रडायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते तसेच उभे होते. नंतर म्हणाले, "झाकन घट्ट लाव. मझार पानी जास."

राशीच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या हातांनी जागा केली, डबी ठेवली आणि वर एक जड दगड सरकवला. "ही डबी खेळमा नही," एवढंच बोलले. खेळासाठी आम्ही दुसरी ठेवली. तिच्यातला फोटो मी टेकडीवरून काढला, नानांनी तो छापला. माझा हात हलल्यामुळे एका कोपऱ्यात गाव जरासं धूसर आलं आहे, पण नाना म्हणाले, राहू दे.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी थापणं थांबवलं, पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याजवळ येऊन बसल्या. आम्ही दोघी त्या विषयावर पहिल्यांदा बोललो.

पुढे नानांची नजर अधू झाली. मुलगा सुरतेहून न्यायला आला. मुलगा चांगला होता, वडिलांचा हात धरून त्यांना गाडीत बसवत होता. निघताना नानांनी स्टुडिओची किल्ली जागामालकाला दिली आणि डब्यांचं पोतं मला. "पावसाळामा झाकनं ढिली व्हतस," म्हणाले, "देखत ऱ्हाय." नंतर अधूनमधून त्यांचा फोन यायचा. सुरतेच्या सोसायटीत त्यांनी बागेतल्या कुंडीमागे डबी ठेवली होती, ती माळ्यानं तीनदा कचऱ्यात टाकली आणि चौथ्यांदा स्वतःच चिठ्ठीवर नाव लिहिलं, हे सांगताना ते फार वेळ हसले.

गेल्या हिवाळ्यात ते सुरतेलाच वारले. सगळं तिकडेच झालं. गावाला बातमी दुसऱ्या दिवशी कळली. माणूस गेला की त्याच्या दारात जाऊन बसायचं असतं, पण बसायला दारच नव्हतं. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान झालं होतं. कुठं जाऊन बसायचं ते विचारायला शोभामावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "कथा जावानं मंग आपण?"

दहाव्याच्या दिवशी आम्ही वेशीपासून डब्यांच्या वाटेनं निघालो. मी दोघा-तिघांनाच सांगितलं होतं, पण पोस्टापाशी आणखी माणसं मिळाली, घाटावर बायका मिळाल्या, जिनिंगच्या फाटकातून राखणदार काठी टेकत आला. रजेवर असलेले ते हवालदारही साध्या कपड्यांत मागून चालत होते. कुणी डब्या उघडल्या नाहीत. प्रत्येक जागी क्षणभर थांबायचं आणि पुढे निघायचं, एवढंच.

टेकडी चढताना सासूबाईंनी माझा दंड धरला. वर पोचल्यावर सगळे कडेला येऊन उभे राहिले. भाषण करावं असं कुणाला वाटलं नाही. खाली नदी, कांद्याचे हिरवे वाफे आणि मधे गाव. तिथं जन्म काढलेल्या माणसांपैकी बहुतेकांनी ते असं वरून कधी पाहिलंच नव्हतं. राखणदारानं डोळ्यांवर हात धरला आणि हळूच विचारलं, "मनं घर कोनतं?" शोभामावशींनी बोट दाखवलं. मग त्यांनी स्वतःचं विचारलं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथं एकमेकांची घरं शोधत बसलो होतो.