जहाजाच्या लेखी मी बेटावर

आमच्या घरात कुठलीही गोष्ट आली की दोन येते. साड्या दोन, त्याही एकाच रंगाच्या आणि एकाच काठाच्या. स्वेटर दोन, चपलांचे जोड दोन, पावसाळ्यात छत्र्या दोन. हा सासूबाईंचा कायदा. दोन्ही सुनांना सारखं दिलं की घरात धुसफूस होत नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि खरं सांगायचं तर तो चुकला नाही. सासूबाई गेल्या, कायदा राहिला. थोरली जाऊ आणि मी धाकटी, तीसेक वर्षं आम्ही एकाच रंगात वावरतोय. हळदीकुंकवाला बोलवायला येणारी बाई फाटकातूनच ओरडते, ‘दोघी या गं संध्याकाळी.’ आमची नावं वेगवेगळी आहेत हे रेशनकार्डाला माहीत असेल तेवढंच.

कामाचंही तेच. नाशिकच्या कडेला आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माल पहाटे पंचवटीतल्या फुलबाजारात जातो आणि सणासुदीला मंडळांच्या मोठ्या हारांच्या ऑर्डरी घरी येतात. असा हार एकट्या बाईनं ओवायचा नसतो, निदान आमच्याकडे तरी नाही. लांब दोरा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया लावायच्या, मधोमध गोंडा बांधायचा आणि समोरासमोर बसायचं. डावी बाजू थोरलीची, उजवी माझी. तिनं पिवळा झेंडू उचलला की मी पिवळा उचलते, तिनं केशरी घेतला की मी केशरी. बघावंही लागत नाही. तोंडानं गप्पा चालू असतात आणि हार उचलून धरला की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या निघतात.

तर अशा या जोडगोळीला थोरलीच्या मुलानं क्रूझवर पाठवलं. तो पुण्याला नोकरीला आहे. दिवाळी उरकल्यावर त्यानं फोन केला, ‘आई आणि काकू, दोघी जाऊन या. मुंबईहून जहाज निघतं, लक्षद्वीपला जाऊन परत येतं.’ दीर आणि आमचे हे एकमेकांकडे बघत राहिले. भाकऱ्या कोण थापणार, हा प्रश्न दोघांच्या तोंडावर होता, पण विचारायची हिंमत एकालाही झाली नाही. नाशिकच्या द्वारका चौकात पहाटेची मुंबईची बस पकडली तेव्हा आमच्या बॅगाही सारख्याच होत्या. फरक कळावा म्हणून थोरलीनं तिच्या बॅगेला हिरवी चिंधी बांधली. मला ते इतकं पटलं की मीही माझ्या बॅगेला हिरवी चिंधी बांधली.

जहाजात चढताना आमचा फोटो काढून प्रत्येकीला एकेक कार्ड दिलं. खोलीचं दार उघडायचं तर कार्ड, सरबत घ्यायचं तर कार्ड, जहाजातून उतरायचं तरी कार्डच. दोन्ही फोटोंत तीच राणी कलरची साडी, तीच मोठी टिकली आणि चेहऱ्यावर तीच घाबरगुंडी. वयानं ती मोठी, पण त्या एवढ्याशा फोटोत कोण कोण ते आमच्या नवऱ्यांनाही सांगता आलं नसतं. कार्डं आम्ही थोरलीच्या कापडी बटव्यात टाकली. घरच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला असतात.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त हसत होतो. लिफ्टमध्ये गाणं लागलं म्हणून हसलो, पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवला होता म्हणून हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं जाग आली. जेवणाच्या हॉलमध्ये टेबल मांडणाऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. थोरली फुलदाण्यांवरून नजर फिरवत म्हणाली, ‘माल शिळा हाये गं, निदान दोन दिसाचा.’ आणि तिनं सुकलेल्या पाकळ्या खुडायला घेतल्या. अर्थात मीही घेतल्या. वेटर धावत आला. आम्ही फुलं चोरतोय असं त्याला वाटलं असावं.

त्याच दिवशी सूचना मिळाली. उद्या जहाज बेटापासून लांब, खोल पाण्यात थांबेल. ज्यांना किनाऱ्यावर जायचंय त्यांनी लहान बोटींतून जायचं, बाकीच्यांनी जहाजावरच आराम करायचा. प्रत्येकानं आपापलं ठरवावं.

आपापलं ठरवावं म्हणे. ही अट आमच्यासाठी नवीनच होती.

मला जायचं नव्हतं. बेटाशी माझं वाकडं नव्हतं. मला ते रिकामं जहाज हवं होतं. लग्न होऊन मळ्यात आल्यापासून दिवसाउजेडी मी एकटी कधी राहिलेच नव्हते. घर, गोठा, विहीर, फुलांचं शेत, जिथं मी तिथं थोरली. सगळी माणसं उतरून गेल्यावर पोहण्याच्या तलावाकाठच्या त्या लांबलचक खुर्चीत पाय पसरून बसावं आणि शेजारची खुर्ची रिकामी असावी, एवढीच माझी इच्छा होती. पण हे तिला सांगायचं कसं? तिनं माझी दोन्ही बाळंतपणं काढली. माझ्या आजारपणात माझ्या वाटणीची फुलं खुडून ती स्वतःची खुडायला जायची. अशा माणसाला तोंडावर सांगायचं की मला अर्धा दिवस तुम्ही नको आहात?

म्हणून मी बेटाची तारीफ सुरू केली. पाणी कसं निळंशार असतं, वाळू कशी पांढरी असते. जणू मी दर रविवारी तिकडे जात होते. ‘ताई, तुम्ही बघूनच या,’ मी म्हटलं.

‘आन तू?’

‘मी पण येईनच की,’ मी म्हटलं आणि जीभ चावली. तीस वर्षांची सवय, जीभ तरी काय करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी जय्यत तयारीनिशी बसले. गुडघा धरायचा, कण्हायचं आणि म्हणायचं की तुम्ही व्हा पुढे. उपमा संपत आला तसा मी गुडघ्यावर हात ठेवलाच. तोंड उघडणार, तेवढ्यात थोरलीनं चमचा खाली ठेवला.

‘मला जायचंय,’ ती म्हणाली. ‘पण एकटीला. राग नको धरू.’

खरं तर मी उठून नाचायला हवं होतं. आयतंच मिळत होतं सगळं. आणि माझ्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

‘का? मी काय केलं?’

‘तू काय नाय केलं. तू लय चांगली हायेस. पण तू शेजारी आसली ना, की मला काय पाहिजे ते मला कळतच नाय. तू चहा घेतला की मला चहाची तलफ येती. एक डाव बघू दे, मी एकटी कशी हाये ते.’

‘जा की मग,’ मी म्हटलं. आवाज असा निघाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं. थोरलीनं बटव्यात हात घालून एक कार्ड स्वतःला घेतलं, दुसरं माझ्या तळहातावर ठेवलं आणि ती निघाली.

कठड्याला टेकून मी पाहत होते. नारिंगी जॅकेट घालून ती अनोळखी माणसांच्या मधे बसली होती, पदर कमरेला खोचलेला. बोट सुटली, हेलकावे खाऊ लागली, पण बाईनं मागं वळून पाहिलं नाही. मी नुसती धुमसत होते. जायचं नाही हे मी ठरवलेलं, एकटं राहायचं हेही मी ठरवलेलं, आणि माझ्या तोंडचं वाक्य ती घेऊन गेली. मला ती नको असणं वेगळं आणि तिला मी नको असणं वेगळं, हे त्या दिवशी कळलं. दुसरं फार झोंबतं.

बोट ठिपक्याएवढी झाली तेव्हा मी वळले. आणि समोर सगळं जहाज रिकामं.

राग कुठं गेला ते कळलंच नाही. मी लिफ्टनं वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. काही काम नव्हतं म्हणूनच गेले. तलावात पाय सोडून बसले, मग इकडंतिकडं बघून साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय बडवत पाणी उडवलं. पोरीसोरी करतात तसं. मग सरबताच्या टपरीवर गेले. तिथल्या मुलीनं चहा हवा का विचारलं. मी हो म्हणणार होते, आणि एकदम लक्षात आलं की मला चहा नको आहे. शेजारी कुणी चहा पीत नव्हतं, तर मलाही नको होता. मी कोल्ड कॉफी मागितली. वर आइस्क्रीम घातलेली.

मुलीनं कार्ड यंत्रापुढं धरलं आणि गोड आवाजात मला मॅडम म्हणाली. पण मॅडमच्या आधी नाव घेतलं ते थोरलीचं.

कार्ड हातात घेऊन पाहिलं. फोटो आमचा, म्हणजे तिचा. उतरताना फाटकावरच्या माणसानं तिचा चेहरा आणि माझा फोटो बघून मान डोलावली असणार. म्हणजे थोरली माझं नाव घेऊन बेटावर हिंडत होती. जहाजाच्या लेखी मी बेटावर होते आणि इथं कोल्ड कॉफी पीत बसली होती ती थोरली.

मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. चूक सांगावी असं एकदाही मनात आलं नाही. आयुष्यभर धाकटी म्हणून राहिले, आता जरा थोरली होऊन बघू. पायावर पाय टाकून बसले. जेवणाआधी आइस्क्रीम खाल्लं, जेवणानंतर पुन्हा खाल्लं. एक पांढऱ्या केसांचे आजोबा शेजारून जाताना म्हणाले, ‘एकट्याच आलात का?’

‘हो,’ मी म्हटलं. हा शब्द तोंडात किती वेळ घोळवत ठेवला म्हणून सांगू.

दुपार कलली तसा वारा सुटला. पाणी उसळायला लागलं आणि बोटी एकेक करून परत येऊ लागल्या. माणसं चढत होती, ओली, उन्हानं लाल झालेली. त्यांत थोरली नव्हती. पुढच्या बोटीतही नव्हती. मी कठडा घट्ट धरून बघत होते, तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. अजून न परतलेल्या प्रवाशांनी कळवावं. आणि पाठोपाठ माझं नाव. मधलं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट.

पुकारत होते मला, आणि परतली नव्हती ती.

मी जिने उतरत फाटकाकडं पळाले. गणवेशातला एक तरुण माणूस पडद्यापुढं बसला होता. मी म्हटलं, ‘आत्ता नाव घेतलं ते माझं.’ त्यानं पडद्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ‘अरे, आप तो यहीं हैं मॅडम,’ असं म्हणत त्यानं न परतलेल्यांच्या यादीतून मला काढायला बोट पुढं केलं.

मी त्याचा हात धरला. अक्षरशः धरला. त्यानं मला काढलं की हिशेब पुरा होणार, आणि हिशेब पुरा झाला की जहाज निघणार. थोरली तिकडंच.

‘काढू नका,’ मी म्हटलं. ‘मी इथं आहे, पण मी तिथंही आहे.’

त्यानं पुन्हा एकदा पडदा पाहिला, पुन्हा मला पाहिलं.

‘तिथं आहे ती माझी जाऊ. पण कार्डापुरती ती मी आहे. आणि मी ती आहे.’ मी हातातलं कार्ड त्याच्यापुढं नाचवलं. हिंदी, मराठी, जे सापडेल ते बोलत होते. माझं नाव लावून ती कुठं वाळूत पडली असेल, कुणाला कळणारही नाही, असं डोळ्यांपुढं यायला लागलं. सकाळी ‘जा की मग’ म्हटलं ते शेवटचं ठरलं तर? त्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि बेटावर वायरलेस लावला. थोड्या वेळानं तो हसला. शेवटची बोट निघाली होती आणि तिच्यात साडीतली एक बाई होती.

बोट आली. लाटेनं ती वर जायची, खाली जायची. दोघांनी हात देऊन थोरलीला वर घेतलं. निऱ्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, अंबाडा सुटलेला, नाक उन्हानं रापलेलं, आणि चेहऱ्यावर असलं हसू की ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मी तिला आधी घट्ट मिठी मारली आणि मग भांडायला तोंड उघडलं. किती उशीर, जिवाला किती घोर, सगळं ओठांवर आलं होतं.

तिनं माझे खांदे धरून मला जरा लांब केलं आणि नीट निरखून पाहिलं, बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या लेकीला बघतात तसं.

‘तू काय केलंस गं दिसभर?’ तिनं विचारलं.

हा प्रश्न तिनं मला कधीच विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. जे काही केलं ते तिच्या समोर बसून केलं होतं, आणि तिनं केलेलंही सगळं मी पाहिलं होतं. तिचा हात धरून मी जिन्याकडं वळले. तिला माहीत नसलेला आख्खा एक दिवस आता मला तिला सांगायचा होता.