कौतुकाचं वाक्य

आमचे हे कुलपं दुरुस्त करायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला मूर्ख ठरवायचे. यांचा लिम्फोमा नावाचा कॅन्सर केमोला बधेना, म्हणून नव्या उपचाराच्या चाचणीत यांच्याच रक्तातल्या पेशींना लढायला शिकवून परत अंगात सोडलं. औषध मेंदूवर उलटलं तर अक्षरावरून कळावं म्हणून डॉक्टर यांना रोज एक वाक्य लिहायला लावायचे. हे रोज लिहायचे, "डॉक्टरला काडीची अक्कल नाही."

एके सकाळी लिहिलं, "डॉक्टर फार हुशार आहेत."

डॉक्टर खूश. "अक्षर छान आहे!"

"चुलीत घाला ते अक्षर," मी ओरडले, "यांचं डोकं फिरलंय!"

संध्याकाळी यांना पेनाला काय म्हणतात तेच आठवेना. मग सगळ्यांची धावपळ.

बरे झाल्यावर यांनी पुन्हा लिहिलं, "डॉक्टरला काडीची अक्कल नाही." खाली मीही सही ठोकली.