भांडायचं काम

माझ्या मोबाइलमध्ये आता माझी मैत्रीण बोलते. बाळाला जुलाब झाले तर काय करायचं, दवाखान्यात कधी न्यायचं, हे ती पावरी बोलीत सांगते. मी तो आवाज शेवटपर्यंत ऐकत नाही, मध्येच बंद करते. तिचं काही चुकत नाही, म्हणूनच.

पुण्याकडचं एक विद्यापीठ आणि परदेशातलं एक, दोघांनी मिळून हा प्रकल्प काढला होता. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या बोलीत बोलणारा फोन. गावाच्या संमतीने, गावाला बरोबरीचं मानून, असं जाहिरातीत होतं. त्यासाठी इथलीच एक संशोधक हवी होती. जागा एकच. नंदुरबारच्या होस्टेलात एका खोलीत राहिलेल्या आम्ही दोघींनी अर्ज केला.

जागा माझीच, याबद्दल मला शंका नव्हती. माझे वडील संघटनेचे कार्यकर्ते. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली असत आणि अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. मी स्वतः अक्षरं जुळवून वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’ हा होता. कंपन्या आपला आवाज, आपला चेहरा न विचारता कसा उचलतात, यावर मी स्वतः पत्रक काढून बसस्टँडवर वाटलं होतं. मैत्रिणीने वाटायला मदत केली होती, तीही भजी खाऊ घालायच्या बोलीवर. तिने आयुष्यात एक पत्रक लिहिलेलं नाही. पण तिचं घर धडगावच्या वरच्या अंगाला, पावरी तिची घरची, आणि माझी तिच्याकडून शिकलेली, मोडकीतोडकी.

प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, “दोघी एकदा तिकडच्या एका गावात चला. काम बघू, मग ठरवू.”

दिवस होळीच्या आधीचे होते. जीपमध्ये मैत्रीण म्हणाली, “आत्ता नको होतं. माणसं नवसात असतात.” मला वाटलं, घाबरली. मी मॅडमना समजावत होते, की संशोधक खुर्चीवर आणि गावकरी जमिनीवर, हे चित्र आधी उलटं केलं पाहिजे. मॅडम मान डोलवत होत्या.

शाळेच्या ओट्यावर मी एकच खुर्ची ठेवायला लावली. “खुर्ची बोलणाऱ्याची, जमीन विचारणाऱ्याची.” माझ्याच पत्रकातलं वाक्य. मॅडमनी ते लिहून घेतलं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती. हरली, असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

पहिले आले ते एक म्हातारे बाबा, अनवाणी. मी खुर्ची पुढे केली. ते उभेच. “बसा बाबा, हा तुमचा हक्क आहे.” ते एक पाऊल मागे सरले. लाजतात असं समजून मी त्यांचा हात धरायला गेले.

“हात नको लावू व!” मैत्रीण ओरडली.

मग ती माझ्याकडे वळली आणि अहिराणीत सुरू झाली. भांडायचं असलं की ती माझ्या बोलीत येते, आणि माझ्या बोलीत ती माझ्यापेक्षा बरी भांडते. “बाबा नवसमा शे. होळी व्हवालोंग खाट नही, खुर्ची नही, बाईनं हात लावानं नही.”

“माले का नही सांगं?”

“सांगं ना जीपमा. तू भाषण करी ऱ्हायनी व्हती.”

तिने खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि थोडं अंतर राखून मातीत बसली. बाबाही बसले. मागची माणसं, बायका जवळ सरकल्या. फोन काय करणार, तुमचा आवाज कुठकुठे जाणार, हे ती सांगत गेली. बाबा ऐकत होते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला आणि ती मॅडमकडे वळली. “विचारतात, मी मेल्यावरही माझा आवाज बोलत राहील का?”

मॅडम कराराचे कागद चाळू लागल्या. तेव्हा मी उठले. “गावाने मागितला की आवाज परत मिळाला पाहिजे! पुसला पाहिजे! त्यासाठी विद्यापीठाची परवानगी लागता कामा नये!”

“करारात तसं नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “दोन्हीकडे विचारावं लागेल.”

“मग विचारा. तोवर रेकॉर्डिंगचं मशीन बंद.”

मी बराच वेळ बोलले. मैत्रिणीने ते पावरीत सांगितलं, अगदी थोडक्यात. लोक हसले.

“काय सांगितलंस?”

“तू बोललीस तेच. ओरडणं तेवढं काढलं.”

मग गावकरी आपसात बोलत बसले. शेवटी बाबांनी काही सांगितलं. मैत्रीण म्हणाली, “होळी झाल्यावर या म्हणतात. आवाज घ्यायला मी यायचं.”

“आणि मी?”

तिने बाबांना विचारलं. परत वळली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. “तू विद्यापीठात जायचं. तिथं खुर्च्या असतात म्हणतात. भांडायचं काम तुझ्याकडे.”

“खरंच म्हणाले, की पदरचं घातलंस?”

“पावरी नीट शीक, मग तूच विचार.”

जागा तिला मिळाली. गळ्यात ओळखपत्र आलं. मला मिळाल्या विद्यापीठांबरोबरच्या ऑनलाइन बैठका, गावाच्या वतीने. त्यांत मी भांडले, आणि गावाला आवाज परत मागता येईल हे कलम करारात आलं. ते वाचून दाखवताना मॅडम म्हणाल्या, “ही आपल्या गाव-संशोधकाची सूचना.” मैत्रिणीने लगेच सांगितलं, “माझी नाही, हिची आहे.” तेवढ्याने माझा जळफळाट आणखीच वाढला. मोठं मनही तिनेच दाखवायचं?

परवा आईने माझा फोन घेऊन तिचा आवाज ऐकला. पावरी तिला कळत नाही, तरी पूर्ण ऐकला. म्हणाली, “कितली गोड बोलस व ती! आपली बोलीमा नही का बोलाव?”

अहिराणी त्यांच्या यादीत नाही. पुढच्या बैठकीत मी त्यासाठी भांडणार आहे, आणि मिळवणार आहे. आवाज कुणाचा घ्यायचा, हे नंतर ठरेल. मैत्रिणीला अहिराणी येते, हे मॅडमना अजून माहीत नाही; ओट्यावर आम्ही पावरीतच भांडलो असं त्या समजतात. मी सांगितलेलं नाही.